माहिती मदत कक्ष : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यातील आमच्या वाचनालयात दर शनिवारी दुपारी एक टेबल, दोन संगणक, एक स्कॅनर आणि अधूनमधून रुसणारा प्रिंटर एवढ्या सामग्रीवर माहिती मदत कक्ष चालतो. येथे येणाऱ्यांचे प्रश्न आम्ही एका जाड वहीत लिहून ठेवतो. त्यांपैकी जे पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. कोपरी, कळवा, घोडबंदर रोड आणि खाडीपलीकडून ऐरोली-घणसोलीहून येणाऱ्या वाचकांची एक फेरी तरी त्यामुळे वाचावी, एवढाच हेतू आहे.

१. हल्ली सगळे इंटरनेटवर मिळते. मग वाचनालयात येण्याची गरज काय?

पुष्कळ गोष्टींसाठी खरोखरच गरज नाही. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्यापूर्वी जिल्ह्याचे गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याची तपशीलवार माहिती देणारा सरकारी ग्रंथ, पाहायचे असेल तर ते ज्या ग्रंथालयात आहे तेथे जाऊन, चिठ्ठी देऊन, शिपाई ते कपाटातून काढेपर्यंत बाकावर बसून राहावे लागत असे. आज तेच गॅझेटिअर किंवा ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला तो मराठी विश्वकोश रात्री अकरा वाजता घरी बसून विनामूल्य वाचता येतो. एवढ्यासाठी येथे येऊ नका.

मात्र एखादी गोष्ट इंटरनेटवर असणे आणि ती आपल्याला सापडणे यांत मोठे अंतर आहे, आणि आमच्या वहीतले बहुतेक प्रश्न त्या अंतरातलेच आहेत. त्याखेरीज स्थानिक साप्ताहिके, संस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांची स्मरणिका-पुस्तके आणि जुने दिवाळी अंक यांचा फार मोठा भाग अजून स्कॅनच झालेला नाही. १८६६ साली ठाण्यात ‘अरुणोदय’ हे साप्ताहिक सुरू झाले, ही माहिती मोबाइलवर दोन मिनिटांत मिळते. त्या साप्ताहिकात एखाद्या आठवड्यात काय छापून आले होते हे मात्र मोबाइल सांगत नाही. त्यासाठी १८९३ पासून ठाण्यात असलेल्या मराठी ग्रंथ संग्रहालयासारख्या जुन्या संस्थांत जाऊन अमुक अंक शिल्लक आहे का, अशी चौकशी करण्याला पर्याय नाही.

२. मराठीत शब्द टाकून शोधले की काहीच सापडत नाही, पण तीच गोष्ट इंग्रजीत लगेच मिळते. असे का होते?

हा आमच्याकडचा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे. त्याचे उत्तर लांब आहे, कारण कारणे एकाहून अधिक आहेत आणि ती एकमेकांवर चढलेली आहेत.

पहिले कारण फाँटचे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच संकेत देणारी पद्धत, सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या फाँटमध्ये टंकित होत असे, त्यांत संगणकाच्या दृष्टीने अक्षरे रोमनच असत आणि फाँट त्यांना फक्त देवनागरीचा मुखवटा चढवी. डोळ्यांना ‘परिपत्रक’ दिसे, संगणकाच्या स्मरणात मात्र रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी साठवलेली असे. असा मजकूर आजही कित्येक कार्यालयांच्या जुन्या फायलींत आणि संकेतस्थळांवर पडून आहे. आपण युनिकोडमध्ये ‘परिपत्रक’ टाकून शोधता तेव्हा त्या मजकुरात तो शब्द नसतोच, केवळ त्याचे चित्र असते. मजकूर स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये असेल तरीही हेच घडते, कारण ते पान म्हणजे मुळात छायाचित्र असते. छायाचित्रातून अक्षरे ओळखणारी साधने आता मराठीसाठीही आहेत, परंतु पुसट छपाई, तुटलेल्या वेलांट्या आणि जोडाक्षरे यांपुढे ती अजून अडखळतात.

दुसरे कारण युनिकोडच्या आतलेच आहे आणि ते प्रत्यक्ष दाखविल्याशिवाय सहसा पटत नाही. ‘ॲप’ हा शब्द दोन प्रकारे टंकित करता येतो. युनिकोडमध्ये २००८ साली समाविष्ट झालेले ‘ॲ’ हे एकसंध अक्षर वापरून, किंवा साधा ‘अ’ घेऊन त्यावर चंद्र देऊन. पडद्यावर दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ते दोन भिन्न शब्द वाटतात, आणि एका पद्धतीने शोध घेतला तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेली पाने हाती लागतीलच असे नाही. अर्ध्या ‘र’चीही तीच कथा आहे. ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना आणि ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना हा भेद मराठी माणूस सहज जाणतो, पण अनेकांच्या मोबाइलच्या कळफलकावर ‘ऱ’ कोठे लपले आहे हेच सापडत नसल्याने इंटरनेटवर आचारी आणि आचार्य एकाच पंगतीला बसलेले आढळतात. आकड्यांचेही तसेच आहे. ‘७/१२’ हे देवनागरी आकड्यांत टाकून पाहावे, इंग्रजी आकड्यांत टाकून पाहावे आणि ‘सातबारा’ असे अक्षरी लिहूनही पाहावे, कारण तिन्हींचे निकाल बऱ्याचदा वेगळे येतात.

तिसरे कारण शुद्धलेखनाचे आहे. आजचे लेखननियम १९६२ नंतरचे. त्यापूर्वीच्या मजकुरात ‘नांव’, ‘कांहीं’, ‘येथें’, ‘केलें’ असे अनुस्वार ठायी ठायी आढळतात. जुन्या ग्रंथाचे कोणी निष्ठेने, मुळाबरहुकूम टंकन केले असेल तर ‘नाव’ शोधून ‘नांव’ मिळणार नाही. म्हणून जुने काही शोधताना आपल्या आजोबांनी हा शब्द कसा लिहिला असता असा विचार करून पाहावा. ही सूचना ऐकून लोक हसतात, पण तिने काम होते.

उरलेले कारण सरळ आहे. मराठीत लिहिलेला मजकूरच इंग्रजीच्या मानाने थोडा आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू असूनही आपल्या परिसरातील कित्येक गावांवर, तलावांवर आणि संस्थांवर त्यात जेमतेम दोन ओळी आहेत. ज्यांना लिहिता येते ते लिहीत नाहीत आणि ज्यांना शोधायचे आहे त्यांना सापडत नाही, हे केवळ तंत्रज्ञानाचे दुखणे म्हणता येणार नाही.

३. ठाण्याचा जुना इतिहास शोधताना कोणते शब्द वापरावेत?

इंग्रजी साधनांत शोध घेताना आजचे स्पेलिंग उपयोगी पडत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या प्रवासी रेल्वेगाडीविषयी त्या काळातील मजकूर हवा असेल तर ‘टी-ए-एन-एन-ए’ आणि तेच शेवटी ‘एच’ जोडून, अशी दोन्ही स्पेलिंग वापरून पाहावीत. १८८२ साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा तेरावा खंड आपल्या जिल्ह्याचा आहे. तेथे शेवटी ‘ई’ नसून ‘ए’ आहे, म्हणजे ‘ठाणा’.

जिल्ह्याच्या सीमाही लक्षात ठेवाव्यात. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला, त्यामुळे वसई, डहाणू, जव्हार यांची त्याआधीची कागदपत्रे ठाणे जिल्ह्याच्या नावाखालीच सापडतात. नवी मुंबईचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. हे शहर वसविणाऱ्या सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना १९७० ची आणि महानगरपालिका त्यानंतर वीसेक वर्षांनी आलेली, त्यामुळे सिडकोच्या आधीच्या कोणत्याही दप्तरात ‘नवी मुंबई’ हा शब्द शोधणे व्यर्थ आहे. तेथे तुर्भे, घणसोली, दिवाळे अशी गावांची नावेच टाकावी लागतात. पनवेल-उरणकडची गावे तर १९८१ पूर्वी कुलाबा जिल्ह्यात होती. नेरूळहून आलेल्या एका आजींनी माहेरचे गाव दोन शनिवार ‘रायगड’मध्ये शोधले आणि तिसऱ्या शनिवारी ते कुलाबा जिल्ह्याच्या एका जुन्या यादीत सापडले. त्या दिवशी कक्षात पेढे वाटले गेले.

४. घोडबंदर रोडवर माझ्या मालकीचा फ्लॅट आहे. ऑनलाइन सातबाऱ्यावर माझे नाव का दिसत नाही?

कारण सातबारा जमिनीचा असतो, फ्लॅटचा नसतो. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद, असे दोन नमुने एकत्र येऊन तो तयार झाला आहे. इमारतीखालील जमीन मूळ मालकाच्या, विकासकाच्या किंवा अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) झाले असल्यास सोसायटीच्या नावावर असते. आपल्या फ्लॅटच्या खरेदीची नोंद दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक दोनमध्ये असते, आणि ती नोंदणी विभागाच्या ऑनलाइन शोधसेवेत पाहता येते. नगर भूमापन झालेल्या भागात सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका पाहावी. सिडकोच्या जमिनी भाडेपट्ट्याने दिलेल्या असल्यामुळे नवी मुंबईतील वाचकांनी भाडेपट्ट्याचा करारही पाहणे आवश्यक आहे.

महाभूलेख या शासकीय संकेतस्थळावर विनामूल्य दिसणारा सातबारा केवळ पाहण्यासाठी असतो. कार्यालयीन कामासाठी डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घ्यावा. त्यासाठी प्रति उतारा १५ रुपये भरावे लागतात आणि त्यावर तलाठ्याचा शिक्का लागत नाही. शिक्का नाही म्हणून कोणी तो नाकारल्यास नाकारण्याचे कारण लेखी मागावे. एवढी मागणी केली की कारण बहुधा उरत नाही, असा आमचा अनुभव आहे. ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतील जुने फेरफार स्कॅन करून ऑनलाइन ठेवलेले आहेत, त्यामुळे वडिलोपार्जित जमिनीचा माग काढणाऱ्यांनी तेथून सुरुवात करावी.

५. व्हॉट्सॲपवर एक शासन निर्णय आला आहे. तो खरा आहे हे कसे ओळखावे?

प्रथम शेवटचे पान उघडावे. अलीकडच्या प्रत्येक शासन निर्णयाच्या अखेरीस, स्वाक्षरीच्या वर, तो निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक अमुक आहे, असे वाक्य असते. हा संकेतांक म्हणजे आकड्यांची एक लांबलचक रांग असते आणि तिची सुरुवात वर्ष, महिना आणि दिवस यांनी होते. शासनाच्या संकेतस्थळावर ‘शासन निर्णय’ या विभागात जाऊन तो संकेतांक टाकला की मूळ प्रत समोर येते. ती आली तर आपल्या हातातील प्रत तिच्याशी ओळीने ओळ ताडून पाहावी. ती आली नाही तर संशय धरावा.

गेल्या पावसाळ्यात वर्तकनगरहून एक निवृत्त शिक्षक निवृत्तिवेतनाविषयीचा असा एक निर्णय घेऊन आले होते. मथळा बरोबर होता, ‘प्रस्तावना’ होती, ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ हे शब्दही जागच्या जागी होते. संकेतांकाची सुरुवात मात्र वर छापलेल्या दिनांकाच्या तीन वर्षे आधीच्या तारखेने होत होती. तो संकेतांक टाकून पाहिल्यावर भलत्याच विभागाचा, बदल्यांविषयीचा निर्णय उघडला. कोणीतरी जुन्या कागदावर नवा मजकूर चिकटवला होता. निर्णयाचा दिनांक आणि संकेतांकातील दिनांक यांत एखाद-दोन दिवसांचा फरक असू शकतो, तीन वर्षांचा नाही. गुरुजींनी तो निर्णय तोवर चाळीस जणांना पाठविला होता. मग त्यांनी येथेच बसून त्या चाळीसही जणांना दुरुस्ती पाठविली, आणि त्यात पाऊण तास गेला.

वास्तविक बनावट निर्णयांपेक्षा अधिक घोटाळा खऱ्या, पण कालबाह्य निर्णयांमुळे होतो. निर्णय अस्सल असतो, मात्र त्यानंतर शुद्धिपत्रक निघालेले असते किंवा नव्या निर्णयाने तो अधिक्रमित केलेला असतो. म्हणून एक निर्णय सापडल्यावर तेथेच थांबू नये. त्याच विभागाचे त्याच विषयावरचे नंतरचे निर्णयही पाहावेत. नव्या निर्णयाच्या आरंभी ‘वाचा’ या शब्दाखाली आधीच्या निर्णयांची यादी असते. ती यादी उलट दिशेने चाळत गेले की विषयाचा सगळा वंशवृक्ष हाती येतो.

६. इतर फॉरवर्ड संदेशांचे काय? प्रत्येक संदेशाची शहानिशा कशी करायची?

प्रत्येकाची करण्याची आवश्यकता नाही. बहुतेक संदेश न पाठविणे एवढेच पुरेसे असते. मात्र एखादा संदेश भीती, संताप किंवा तातडी निर्माण करीत असेल तर तो पुढे ढकलण्यापूर्वी थांबावे. संदेशावर दुहेरी बाण असल्यास तो हातोहात फिरत आलेला आहे असे समजावे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांची हत्या केली. ते भटक्या समाजातले, भिक्षेवर पोट भरणारे लोक होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठविण्याची मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० मध्ये वारंवार पुढे पाठविलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. त्या मर्यादेने वेग कमी झाला. संदेश खरा की खोटा हे ठरविण्याचे काम तिने आपल्या वतीने केलेले नाही.

छायाचित्राविषयी शंका असल्यास ते छायाचित्रच शोधसेवेत टाकून ते पूर्वी कोठे प्रसिद्ध झाले होते हे पाहता येते. ठाण्यातील पुराचे म्हणून फिरणारे छायाचित्र भलत्याच शहरातले आणि भलत्याच वर्षाचे निघते, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

७. कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले तर चालेल का?

समजून घेण्यासाठी चालेल, पुराव्यासाठी चालणार नाही. क्लिष्ट कायदेशीर परिच्छेद सोप्या मराठीत समजावून घ्यायचा असेल, अर्जाचा कच्चा मसुदा हवा असेल किंवा एखाद्या विषयावर कोणते शब्द घेऊन शोध घ्यावा हे सुचत नसेल, तर ही साधने चांगली उपयोगी पडतात आणि आम्ही स्वतःही ती वापरतो. परंतु पुढे कोणता शब्द येणे संभवनीय आहे याच्या अंदाजावर ती वाक्य रचतात. त्यामुळे शासन निर्णयाचा क्रमांक, न्यायनिवाड्याचे नाव किंवा ग्रंथातील पृष्ठ विचारले की अगदी खऱ्यासारखा दिसणारा, पण अस्तित्वात नसलेला संदर्भ ती तितक्याच आत्मविश्वासाने देऊ शकतात. असे तीन क्रमांक घेऊन एक तरुण वकील येथे आले होते. तिन्हींपैकी एकही सापडला नाही. न्यायालयीन प्रकरणाची माहिती हवी असल्यास ई-कोर्ट सेवेत प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक टाकावा. ठाणे जिल्ह्यातील प्रकरणांचा हा क्रमांक ‘एमएचटीएच’ या अक्षरांनी सुरू होतो.

८. हवी असलेली माहिती कोणत्याच संकेतस्थळावर नाही. आता काय करावे?

माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. महाराष्ट्रात त्यासाठीचा राज्याचा कायदा २००२ सालापासून होता आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा तेव्हाचे जम्मू-काश्मीर राज्य वगळता देशभर पूर्णपणे लागू झाला. राज्य शासनाच्या ऑनलाइन सेवेवर आपले कार्यालय यादीत असेल तर अर्ज घरबसल्या करता येतो. नसेल तर कागदावर लिहून १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. अर्ज एकाच विषयावर आणि साधारणपणे १५० शब्दांत असावा, असा राज्याचा नियम आहे. उत्तर ३० दिवसांत मिळावयास हवे. प्रश्न एखाद्याच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर ४८ तासांत. उत्तर न आल्यास किंवा ते असमाधानकारक असल्यास ३० दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. राज्यात या प्रत्येक अपिलास २० रुपयांचा स्टॅम्प लागतो.

अर्ज फेटाळला जाण्याचे सर्वांत मोठे कारण त्याची भाषा असते. “आमच्या गल्लीतील रस्ता वारंवार का खोदला जातो?” हा प्रश्न रास्त आहे, पण तो माहितीचा अर्ज होत नाही. कायदा अस्तित्वात असलेला अभिलेख देतो, खुलासे देत नाही. त्याऐवजी अमुक रस्त्यावर अमुक कालावधीत खोदकामासाठी दिलेल्या परवानग्यांच्या प्रती, भरून घेतलेल्या शुल्काच्या नोंदी आणि काम पूर्ण झाल्याचे दाखले मागावेत. “का”चे उत्तर या कागदांतून आपोआप बाहेर पडते.

माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही मागता येते. कायद्याच्या दुसऱ्या कलमात फ्लॉपी आणि व्हिडिओ कॅसेट यांचाही उल्लेख आहे, ही गंमत सोडली तर तरतूद फार कामाची आहे. दोनशे पानांच्या झेरॉक्ससाठी दर पानास दोन रुपये मोजण्याऐवजी तीच फाइल ई-मेलने मागावी. वैयक्तिक माहितीविषयीचा अपवाद मात्र २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अधिक व्यापक केला आहे. पूर्वी व्यापक जनहित दाखविल्यास वैयक्तिक माहिती देण्याची सवलत त्याच कलमात होती, ती काढून टाकण्यात आली आहे. हा बदल पुढच्या अर्जदारांना जाचणार, असे आमचे स्पष्ट मत आहे.

९. मागच्या वर्षी संकेतस्थळावर असलेले पान आता उघडत नाही. ते कायमचे गेले का?

नेहमीच नाही. संकेतस्थळाची रचना बदलली की जुने दुवे तुटतात, पण पान अनेकदा नव्या पत्त्यावर असते. ते तेथेही नसेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुना पत्ता टाकून पाहावा. त्या दिवशीचे पान तेथे जतन झालेले असू शकते. त्याहून चांगला मार्ग म्हणजे महत्त्वाचे पान दिसताच ते तेथे स्वतः जतन करून ठेवणे. निविदा, प्रारूप विकास आराखडे आणि हरकती-सूचनांच्या नोटिसा यांबाबत ही सवय अवश्य लावून घ्यावी.

१०. डिजिलॉकरमधील कागदपत्र मूळ प्रतीइतके ग्राह्य असते का?

संबंधित खात्याने तेथे थेट जारी केलेले कागदपत्र कायद्याने मूळ प्रतीइतकेच ग्राह्य असते. आपण स्वतः छायाचित्र काढून चढविलेले नसते. बरेच वाद या दोहोंतील गल्लतीतून होतात.

११. माझ्याकडे साधा मोबाइल आहे आणि ओटीपी मुलाच्या फोनवर जातो. मला माहिती कशी मिळणार?

हा प्रश्न विचारताना पुष्कळ ज्येष्ठ वाचक संकोचतात. संकोचाचे काही कारण नाही, दोष त्यांचा नाही. खिडकीवरचा कारकून “उद्या या” म्हणत असे तेव्हा निदान त्याच्याशी भांडता तरी येत होते. वेळ संपल्यामुळे रद्द झालेल्या ओटीपीशी कोणी भांडायचे? आमच्याकडे किसननगरच्या एका मावशींचे शिधापत्रिकेचे काम केवळ एवढ्यासाठी तीन आठवडे अडले होते, कारण नोंदविलेला क्रमांक त्यांच्या दिवंगत पतीचा होता आणि तो बदलण्यासाठीचा ओटीपीही त्याच क्रमांकावर जात होता. संबंधित कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन लेखी अर्ज दिल्यावर तो बदलला गेला. ऑनलाइन अर्जात “आपली नोंद आढळली नाही” एवढेच वाक्य येत राहिले होते.

यासाठी तीन सूचना आहेत. नोंदीतील मोबाइल क्रमांक स्वतःचा करून घ्यावा. ‘आपले सरकार’ सेवा केंद्रात गेल्यास तेथे लावलेला दरफलक पाहूनच शुल्क द्यावे आणि पावती मागावी. आणि ओटीपी मोठ्याने वाचून दाखवू नये, आम्हालाही नाही. आम्ही कळफलक आपल्याकडे सरकवू, आकडे आपणच टाकावेत. आर्थिक फसवणूक झालीच तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी अडविण्याची संधी पहिल्या काही तासांतच असते.

१२. दृष्टिहीन वाचकांसाठी काय सोय आहे?

मोबाइलमधील आणि संगणकावरील स्क्रीन रीडर आता मराठी मजकूर वाचून दाखवितात, आणि कक्षातील एका संगणकावर तशी व्यवस्था केलेली आहे. अडचण येते ती पुन्हा स्कॅन केलेल्या पीडीएफची. डोळस माणसाला जे पान वाचता येते ते स्क्रीन रीडरला कोऱ्या चित्रासारखे भासते. सार्वजनिक सूचना छायाचित्राच्या रूपात प्रसिद्ध करणारे प्रत्येक कार्यालय आपल्या वाचकांचा एक वर्ग दाराबाहेर ठेवत असते, आणि बहुधा त्या कार्यालयाला त्याची जाणीवही नसते. पुस्तकांच्या बाबतीत कायदा बराच उदार आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर मुद्रित मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी सुलभ स्वरूपातील प्रत तयार करण्यास लेखकाची परवानगी लागत नाही, आणि याविषयीचा मराकेश करार मान्य करणारा भारत २०१४ साली पहिला देश ठरला. ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात नोंदणी करण्यास आम्ही साहाय्य करतो.

१३. टेलिग्रामवर मिळणाऱ्या पुस्तकांच्या पीडीएफ वाचणे योग्य आहे का?

लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. ही मुदत मृत्यूनंतरच्या वर्षाच्या आरंभापासून मोजतात. म्हणजे १९६० साली निधन पावलेल्या लेखकाचे लेखन १ जानेवारी २०२१ रोजी मुक्त झाले. अशी पुस्तके खुशाल वाचावीत, राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ ग्रंथ संगणकावर उपलब्ध करून दिले आहेत तेही पाहावेत. हयात लेखकांची पुस्तके मात्र विकत घ्यावीत किंवा आमच्याकडून न्यावीत, त्यासाठी वर्गणी फार नाही.

१४. माहिती “क्लाउडवर” असते म्हणजे नेमकी कोठे असते?

आपल्या शेजारीच असू शकते. ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात ज्या खिडक्या नसलेल्या उंच इमारती दिसतात, त्यांतील काही डेटा सेंटर आहेत. औद्योगिक वसाहतीची जागा, भरवशाची वीज आणि मुंबईच्या किनाऱ्यावर येणाऱ्या समुद्राखालील केबलचे सान्निध्य यांमुळे ती येथे एकवटली. आत सर्व्हर असतात, ते अहोरात्र तापतात आणि त्यांना अहोरात्र थंड ठेवावे लागते. घणसोलीत बसून पाहिलेला व्हिडिओ महाप्याहून येत असेल किंवा सिंगापूरहूनही, पाहणाऱ्याला ते कळत नाही.

१५. घरात आजोबांचे जुने कागद आहेत. ते आम्ही स्वतः स्कॅन करू शकतो का?

करू शकता, आणि लवकर करावेत, कारण आपल्याकडच्या दमट हवेत कागद फार काळ तग धरत नाही. घडी ओढून सरळ करू नये. कागद दोन दिवस जड पुस्तकांखाली ठेवावा. सेलोटेप लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. छायाचित्र खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, मोबाइल कागदाला समांतर धरून काढावे. मागची बाजू कोरी दिसली तरी तिचेही छायाचित्र घ्यावे, कारण हिशेब, पत्ते आणि पोस्टाचे शिक्के बहुधा तेथेच असतात. फाइलला मोबाइलने दिलेला आकडा तसाच न ठेवता वर्ष, गाव आणि कागदाचा प्रकार या क्रमाने नाव द्यावे, उदाहरणार्थ ‘१९४७-कळवे-खरेदीखत’, म्हणजे दहा वर्षांनी नातवाला ती शोधता येईल. एक प्रत संगणकावर आणि दुसरी वेगळ्या ठिकाणी ठेवावी.

कागद मोडी लिपीत असेल तर मूळ कागद घेऊन येऊ नये, छायाचित्र आणावे. मोडी वाचणारे आमचे एक ज्येष्ठ सभासद महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी चार ते सहा या वेळेत बसतात. ते एका वेळी दोनच पाने पाहतात आणि तिसरे पान पुढे केले तर चष्मा काढून ठेवतात.